मिशीला कारण लागतं का?

बाबांनी मिशी का ठेवली, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडलाच नाही. ती होती. दर रविवारी सकाळी खिडकीत आरसा टेकवून ते बारीक कात्रीने तिची टोकं सारखी करायचे, आणि तेवढा वेळ आई चहाला हाक मारत नसे. एवढंच.

म्हणून केनेथ ब्रॅनाचा 'डेथ ऑन द नाइल' बघताना मी सुरुवातीलाच अडखळले. नाईल नदी दूरच, पडद्यावर १९१४ सालचं बेल्जियम, तेही कृष्णधवल. खंदकातला कोवळा हर्क्यूल पॉयरो, म्हणजे अगाथा ख्रिस्तीबाईंच्या कादंबऱ्यांतला तो गुप्तहेर, मग स्फोट, चेहऱ्यावर जखमा. इस्पितळात प्रेयसी येते आणि म्हणते, मिशी वाढव की! झालं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मिशीचा उगम असा पाचदहा मिनिटांत हातावर ठेवला.

अहो, पण मूळ पॉयरो १९२० साली पहिल्याच कादंबरीत येतो तोच निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी म्हणून. युद्धामुळे इंग्लंडमध्ये आलेला निर्वासित. उंची पाच फूट चार इंच, डोकं अंड्यासारखं, आणि कपड्यांवर धुळीचा कण पडला तर बंदुकीच्या गोळीपेक्षा जास्त दुखेल असा नीटनेटका. त्याच्या मिशीमागे जखम नाही, प्रेमभंग नाही. माणूस स्वतःच्या रूपावर खूश आहे, बस्स. पुढे एका कादंबरीत तो केस काळे करायची बाटलीसुद्धा आपल्या मित्राला, हेस्टिंग्जला दाखवतो, आणि तिच्यावर छापलेलं असतं की हा कलप नव्हे! असल्या माणसाला दुःखद पूर्वायुष्य चिकटवायचं म्हणजे मिशीला तूप लावून फिरणाऱ्याला तू खरंच जेवलास का विचारण्यासारखं आहे.

मिशीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ब्रॅना या सिनेमांचा दिग्दर्शकही आणि पॉयरोही, आणि त्याची मिशी म्हणजे प्रकरणच आहे. राखाडी, दुमजली, गालांवरून थेट कल्ल्यांकडे निघालेली. २०१७ सालच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'मध्ये झोपताना तिच्यावर पट्टा चढवलेला दिसतो. आगगाडीतल्या खुनापेक्षा मला तो पट्टाच जास्त लक्षात राहिला. अगाथाबाईंनाही ही मिशी चालली असती असं वाटतं. १९७४ साली याच कादंबरीवर सिनेमा आला, त्यात अल्बर्ट फिनी पॉयरो झाला होता. तेव्हा बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. सिनेमा आवडला, पण मी इंग्लंडमधली सर्वांत देखणी मिशी लिहिली होती, ती काही दिसली नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. कादंबरीत तर अलेप्पोच्या कडाक्याच्या थंडीत कानापर्यंत गुरफटलेला पॉयरो दिसतो तो फक्त लालसर नाकाचा शेंडा आणि मिशीची वर वळलेली दोन टोकं एवढाच!

त्या २०१७ च्या सिनेमात ब्रॅनाला हे बरोबर कळलं होतं. जेरुसलेमच्या रस्त्यात पॉयरोचा एक पाय शेणात पडतो. तो थांबतो, विचार करतो आणि दुसराही पाय मुद्दाम त्यात घालतो. तोल सांभाळायला हवा ना! हा असा का, हे कुणी सांगत नाही आणि आपण खुदकन हसतो. पाच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाला मिशीचा खुलासा करावासा वाटला. हल्ली पडद्यावर कुणाला नुसतं विक्षिप्त असायची सोय राहिलेली नाही. विक्षिप्तपणाच्या खाली एखादी जखम सापडलीच पाहिजे.

तरी 'डेथ ऑन द नाइल'चा शेवट मला आवडला, हे कबूल करायला हवं. (खुनी सांगत नाहीये, मिशीच सांगतेय.) शेवटच्या प्रसंगात पॉयरो गाणं ऐकायला क्लबात येऊन बसतो तो मिशी काढून. ओठावरचा व्रण उघडा. पुढच्या वर्षी आलेल्या 'अ हॉन्टिंग इन व्हेनिस' या पॉयरोच्याच सिनेमात मिशी पुन्हा जागेवर होती, पण माझ्या डोळ्यांपुढून तो क्लबातला उघडा चेहरा जाईना.

बाबांना मी बिनमिशीचं एकदाच पाहिलं. आजी गेली तेव्हा. घाटावरून ते परत आले आणि ओसरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि क्षणभर हा कोण माणूस, असं झालं. ओठावरची ती जागा इतर चेहऱ्यापेक्षा गोरी होती, लहान मुलाच्या कातडीसारखी. आईने न बोलता चहा आणून दिला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं बोट उलटं करून मिशी पुसली.

मग हात तसाच थोडा वेळ तिथे राहिला.