माळेगावची जत्रा आणि मामांचा गोऱ्हा

पुण्यात ऑफिसात सांगितलं की माळेगावच्या जत्रेला चाललोय, तर प्रत्येकाचा एकच प्रश्न, नाशिककडचं का? अरे बाबांनो ते मालेगाव, हे माळेगाव, नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं. मार्गशीर्षातल्या वद्य चतुर्दशीला भरते जत्रा. पहिल्या दिवशीची देवस्वारी आमची हुकली, कारण मी रात्रभर ट्रॅव्हल्समधे आणि मामांना म्हणे मी आल्याशिवाय निघायचंच नव्हतं.

दर्शन झालं, बेल-भंडारा झाला, कपाळ पिवळं झालं आणि मामा थेट बैलांकडे. मला आधी घोडे बघायचे होते. एक पंचकल्याणी घोडा होता, चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, मालक त्याला एवढा मिरवत होता की विचारू नका, आणि घेणारे मात्र अंगावरचे भोवरे मोजत बसलेले, कुठला शुभ कुठला खोडीचा. पलीकडे गाढवांचा बाजार, उंटपण होते. गाढवांपाशी सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी, घेणारे मात्र गप दात बघतायत.

मामा लाल कंधारी जातीच्या बैलांत रमले. कंधार इथनं जवळच, म्हणजे हे त्यांचं घरचंच जनावर. गडद लाल रंग, डोळ्याभोवती काळं कडं, कान लांब लोंबते. शेजारी देवणी होते पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले, पण मामा म्हणाले "ते लातूरकरांचं, आपलं हे." घरी ट्रॅक्टर आहे, तरी सोयाबीनच्या कोळपणीला बैल लागतोच हे त्यांचं दरवर्षीचं भाषण, ते मी परत ऐकलं.

एका चार दाती, म्हणजे चार पक्के दात आलेल्या तरण्या गोऱ्ह्यापाशी थांबले. तोंड उघडून दात बघितले, पाठीवर थाप मारली, थोडं चालवून बघितलं. मग मधे एक दलाल आला, मामांचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. झालं! आता बोलणं सगळं बोटांनी, तोंडाने नुसतं "हे बघा," "नाही जमत," "अहो हे धरा की." एक बोट म्हणजे हजार, दहा हजार का लाख ते जनावराकडे बघून आपलं आपण समजायचं. मी वाकून रुमालाखाली बघायला गेलो तर मालक माझ्यावरच डाफरला, "पाव्हणं, तुमचं काय काम हाय हितं?" आजूबाजूचे हसले. पाच मिनिटांनी रुमाल निघाला, मामा म्हणाले बघू, आणि पुढं चालू लागले.

मग भजी, जिलेबी, धूळ. लावणीच्या कार्यक्रमाला थांबायचं मला फार होतं, पण मामा "बाईमाणसं घरी एकटी" वगैरे सांगून तिथनं निघाले, जाताजाता एक कासरा आणि दोन गोंडे घेतले.

गाडीत विचारलं, "मामा, शेवटी किती म्हणाला हो तो?"

"तुला कामून पायजे?"

घरी मामीनं तेच विचारलं. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "भाकरी वाढ."

मामी मला हळूच म्हणाली, "उद्या परत जातेत बघ."

गेले. पहाटे पाचला, मला न उठवता.