सेलिमिये १:२००, सातवा महिना: घुमट बसला

दीड महिन्याने लिहितेय. पावसात फेविकॉल दोन-दोन दिवस वाळत नव्हता, माउंटबोर्डने दमट हवा धरली आणि कडा उचलल्या, भिंतींचे दोन संच फेकून पुन्हा कापावे लागले. पण परवा रात्री घुमट खांबांवर बसला आणि बसून राहिला, म्हणून आज सविस्तर.

नवीन मंडळींसाठी आधी थोडं. मी एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीचं मॉडेल करतेय. एदिर्ने म्हणजे तुर्कस्तानचं युरोपातलं टोक, बल्गेरिया आणि ग्रीसची हद्द तिथून अगदी जवळ, आणि १४५३ ला इस्तंबूल जिंकण्याआधी ऑटोमनांची राजधानी हीच. सुलतान दुसऱ्या सेलीमने १५६८ ला काम सुरू करवलं. १५७४ च्या डिसेंबरात तो वारला तेव्हा काम संपतच आलं होतं, पण मशीद उघडली १५७५ ला, म्हणजे जिला त्याचं नाव आहे तिथली गर्दी त्याने बघितलीच नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

बांधणारा मिमार सिनान, तेव्हा ऐंशीच्या आसपासचा. कायसेरीजवळच्या एका खेड्यातला ख्रिश्चन मुलगा, सक्तीच्या भरतीत उचलून आणलेला, जॅनिसरी म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातला शिपाई झाला, मोहिमांवर फौजेसाठी पूल बांधले, १५३९ च्या सुमारास मुख्य वास्तुकार झाला आणि १५८८ ला मरेपर्यंत त्या जागेवर राहिला, जवळजवळ पन्नास वर्षं! शहजादे मशीद ही त्याची उमेदवारी, सुलेमानिये ही कारागिरी आणि सेलिमिये ही उस्तादी, असं त्यानेच म्हटल्याचं सांगतात.

मी खरं तर आधी सुलेमानियेच करणार होते. इस्तंबूलमधली, १५५७ ला पूर्ण झालेली, ती जास्त प्रसिद्ध आणि फोटोही भरपूर. पण दोन्हींचे प्लॅन शेजारी-शेजारी ठेवले आणि मन बदललं. सुलेमानियेत चार दांडगे खांब, त्यांच्यावर घुमट, पुढे एक अर्धघुमट आणि मागे एक, म्हणजे आयासोफियाचीच (इस्तंबूलमधलं जुनं भव्य चर्च, ऑटोमनांनी त्याची मशीद केली) मांडणी आणखी सुटसुटीत केलेली. सेलिमियेत सिनानने चौकोन सोडला आणि अष्टकोन धरला. आठ खांब, वर ३१.२५ मीटरचा एकच घुमट, चार कोपऱ्यांत चार छोटे अर्धघुमट आणि मिहराबच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या, कोनाड्यावर आणखी एक, आणि आत कुठेही उभं राहिलं तरी सगळी जागा एका नजरेत येते, मधे काही आडवं येत नाही. आपल्याकडे विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिलाय त्यांना फरक लगेच कळेल, तिथे चार जाडजूड भिंती आणि आतून एकमेकींना छेदणाऱ्या कमानी एवढा मोठा घुमट पेलतात, सगळं वजन भिंतीत आहे आणि भिंत बंद आहे. इथे वजन खांबांवर गेलं की भिंत मोकळी झाली, मग सिनानने तिच्यात खिडक्याच खिडक्या काढल्या.

हे वाचून कळलं होतं, पण हातात कळायला दीड महिना लागला.

मला घुमट एकसंध ओतून चिकटवायचा नव्हता, तसा तो टूथपिकवरसुद्धा राहील. म्हणून स्टीलच्या जवळपास अर्धगोल वाडग्याला आतून खोबरेल तेल लावलं, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसचा साधारण ८ मिलिमीटरचा थर दिला आणि ओलं असतानाच हॅक्सॉ ब्लेडने आठ पाकळ्या कापल्या. व्यास १५.६ सेंटिमीटर, स्केलने बरोब्बर. खांब एमडीएफचे, तळाशी मुद्दाम न चिकटवता नुसते उभे. खाली सेंटरिंग म्हणून फुगा फुगवून ठेवला, त्यावर पाकळ्या जुळवल्या आणि फुग्याची हवा हळूहळू सोडत गेले. पाकळ्या एकमेकींवर रेलल्या, क्षणभर घुमट उभा दिसला, आणि मग आठही खांबांची डोकी एकदम बाहेर कलली, फूल उमलावं तशी, आणि सगळं खाली. तीन पाकळ्या तुटल्या. पुन्हा ओतल्या.

घुमटाच्या बुडाला कडं घातलं असतं तर काम लगेच झालं असतं, पण मग सगळा ताण कड्यानेच घेतला असता आणि खांब-कमानी काय करतात ते कधीच कळलं नसतं. म्हणून एकेक गोष्ट वाढवत गेले. आधी खांबांमधल्या कमानी, त्याने खांब एकमेकांकडे झुकायचे थांबले पण बाहेर जायचे थांबले नाहीत. मग कोपऱ्यातले चार अर्धघुमट, हे बाहेरून टेकण देतात, त्यामुळे कोपरे पक्के झाले. मग बाहेरचे टेकूचे भिंतीचे तुकडे. आता फुगा काढल्यावर घुमट दहा-पंधरा सेकंद राहायचा आणि मग प्रवेशाच्या बाजूचा एक खांब हळूच बाहेर सरकायचा, दर वेळी तोच.

सेलिमियेचा बाहेरचा फोटो बघा, घुमटाभोवती टोपीवाले आठ छोटे बुरूज दिसतात, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक. मी ते शोभेचे समजून शेवटच्या टप्प्यासाठी बाजूला ठेवले होते. ते शोभेचे नाहीत, ते वजन आहे! घुमट खांबाला तिरका ढकलतो, वरून उभं वजन पडलं की तो तिरका जोर खाली वळतो आणि खांबाच्या पोटातूनच जमिनीत उतरतो. बाबांच्या डब्यातले नट घेतले, कागदी बुरुजांत प्रत्येकी दोन भरले, बसवले, फुग्याची हवा सोडली. घुमट राहिला. मी टेबलाला हात न लावता वीस मिनिटं नुसती बघत बसले होते. सकाळी उठून पहिल्यांदा तिकडेच गेले, तसाच होता. प्रतिकृती आता कायमची चिकटवायची आहे, पण नट बुरुजांतच राहतील.

आयासोफियाचं येतंच इथे. सिनानने एका कवी मित्राला सांगून लिहून घेतलेल्या आठवणींत असं आहे की एवढा घुमट मुसलमानांना जमणार नाही असं ख्रिश्चन वास्तुकार म्हणायचे आणि ते त्याच्या मनाला लागलं होतं. सेलिमियेत आपण आयासोफियाला मागे टाकलं असा त्याचा दावा आहे. मापं घेतली तर व्यासात दोन्ही जवळपास सारखे, आयासोफियाचा घुमट नीट गोलही राहिलेला नाही, आणि जमिनीपासूनच्या उंचीत आयासोफियाच पुढे. पण माझ्या मते तो जिंकला तो व्यासात नाही, आठ खांबांत.

आता मिनार. चारही ७० मीटरच्या वर आणि जाडी चार मीटरसुद्धा नाही, आपल्या स्केलला ३५ सेंटिमीटर उंच आणि दोन सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी, म्हणजे वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप जवळजवळ तसाच चालतो. एक मिनार गुळगुळीतच रंगवला आणि मग फोटो मोठा करून पाहिला तर खऱ्या मिनारावर उभ्या धारा आहेत. रंग खरवडून शिवणाचा जाड दोरा उभा चिकटवला, वर प्रायमरचे दोन हात. हातभर मिनारावर दोरा सरळ ठेवणं हे या महिन्यातलं सगळ्यात किचकट काम, दोऱ्याच्या खालच्या टोकाला वजन बांधून ओळंब्यासारखा सोडा आणि मग चिकटवा, हाच एक उपाय सापडला.

चारातल्या दोन मिनारांत तीन-तीन स्वतंत्र जिने आहेत, एकमेकांत गुंफलेले, वर तीन सज्जे. एवढ्याशा जाडीत तीन जिने कसे हे मला काही केल्या उमगेना. बाबांनी आयुष्यभर लेथवर काम केलंय, त्यांना प्लॅन दाखवला.

"बाबा, हे बघा ना, एका पाइपात तीन जिने कसे बसतील?"

त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं पाहिलं. "अगं, हे थ्री स्टार्ट आटे आहेत. तीन जागी सुरुवात, १२० अंशांवर. बाटलीची झाकणं बघ, अर्ध्या फेरीत बसतात ना, तसंच."

झाकण काढून पाहिलं, खरंच एकाहून जास्त आटे! आणि मग पुढचंही कळलं, माथ्यावर माणसाएवढी जागा सोडायची तर एका फेरीत एका जिन्याऐवजी तीन जिन्यांची उंची बसवायची, म्हणजे प्रत्येक जिना तिप्पट वेगाने वर चढतो, पायऱ्या किती उभ्या होत असतील विचार करा. याचा एक वेगळा तुकडा १:५० ला करतोय, ७.६ सेंटिमीटर जाडीचा, अर्धा कापलेला, तीन जिने तीन रंगांत. बाबा स्वतः खुणा करून देतायत.

छप्पर शिशाच्या पत्र्याचं आहे, त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी वापरली, खाली बारीक दोरे ठेवून वरून नखाने दाबलं की पत्र्याच्या सांध्याच्या रेघा उठतात, वर पातळ काळा रंग फासून लगेच पुसायचा. आतल्या भिंतींवरच्या, इझनिक गावात बनलेल्या टाइल्स या स्केलला जेमतेम मिलिमीटरभर होतात म्हणून नक्षीचा नाद सोडलाय, नुसते निळे, फिरोजी आणि तो खास टोमॅटोसारखा लाल ठिपके. पण मिहराबचा कोनाडा मात्र नीट खोल कापला, तो बाहेर काढलाय म्हणूनच त्याला तिन्ही बाजूंनी खिडक्या मिळतात आणि टाइल्सवर उजेड पडतो.

घुमटाच्या बरोबर खाली मुअज्जिनांचा (अजान देणाऱ्यांचा) चौथरा आहे, त्याच्या एका संगमरवरी खांबावर उलटं ट्यूलिप कोरलंय. ज्या जागेवर मशीद उभी आहे तिथे कोणाची तरी ट्यूलिपची बाग होती, मालक जागा विकायला तयार नव्हता, त्याच्या आडमुठेपणाची खूण म्हणून फूल उलटं, अशी गोष्ट तिथे सांगतात. ते माझ्या मॉडेलमध्ये साध्या डोळ्यांना दिसणार नाही, तरी सुईच्या टोकाने काढलंय.

पुढच्या वेळी अंगण आणि त्याच्या कमानी. तिथले छोटे घुमट कशावर ओतायचे ते ठरलं नाहीये, सध्या औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि पिंगपाँगचे बॉल कापून बघतेय, कोणी १:२०० ला इतके छोटे घुमट एकसारखे काढले असतील तर साचा कशाचा वापरला ते नक्की सांगा.