मावळथडी उभी करताना : तेलमागे, जागले आणि माझी एक्सेल शीट

फॅन्टसी लिहायची म्हटलं की आपल्याकडे लोक सगळ्यात आधी बर्फ आणतात. बर्फ, दगडी किल्ला, लांब दाढीवाला म्हातारा आणि टोकदार कानांचे गोरेपान लोक. मी धुळ्यात राहते, मे महिन्यात दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नाही, मला बर्फातलं काय कळणार? म्हणून माझं जग उन्हाचं आहे. त्याचं नाव मावळथडी. गेली काही वर्षं ते बनवतेय, आता कुठे त्यावरची कादंबरी शेवटापर्यंत लिहून झाली, आणि ओळखीतले दोघंतिघं सारखं विचारतात की असं अख्खं जग बनवायला घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची, म्हणून माझं कसं कसं झालं ते लिहून टाकते.

आधीच सांगते, मी साहित्यातली कोणी नाही. दिवसा एका ऑफिसात टॅलीवर एंट्र्या मारते, जीएसटीच्या तारखा आल्या की लिखाण बंद. पण याच कामाचा पुढे फार उपयोग झाला, ते येईलच.

पहिलं काम नकाशा. गूगल अर्थ उघडलं आणि तापीचं खोरं सरळ ट्रेस केलं. तापी मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर जाते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. गोदावरी, कृष्णा सगळ्या पूर्वेला पळतात आणि आमची तापी मावळतीकडे. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधे खोलगट काळी जमीन. एवढं रेडीमेड असताना नवीन कशाला काढायचं? मी फक्त गावांची नावं काढली, डोंगर जरा उंच केले आणि समुद्र पुसला. माझी नदी समुद्राला मिळत नाही, ती थेट मावळत्या सूर्यात शिरते, पुढे काय होतं ते कोणी बघून परत आलेलं नाही. नकाशाला एक संध्याकाळ पुरली असं वाटेल पण नाही, कारण कुठून कुठे चालत जायला किती वेळ लागतो हे ठरवल्याशिवाय गोष्टीतलं एकही माणूस घराबाहेर पडत नाही. ते सगळं बसून मोजलं. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

मग जादू. इथे मी सगळ्यात जास्त रमले.

मला एक गोष्ट पहिल्यापासून खटकायची, की अशा गोष्टींत जादू रक्तातून येते. अमक्या घराण्यात जन्मला म्हणून त्याच्या हातात आग, तमक्याचा मुलगा म्हणून तो निवडलेला. आपल्या देशात बसून हे वाचताना कसंतरीच होतं हो, जन्मावरून कोण मोठं कोण छोटं हे आपल्याला काही कमी दिसलंय का? म्हणून मी ठरवलं, जादू जन्माने मिळणार नाही, वाटणीने मिळणार. आणि वाटणी कशी असावी याचं उत्तर आमच्या आजोळी, साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी, शेतात आधीच पडलेलं होतं.

फड पद्धत ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पांझरा पिंपळनेरच्या बाजूने सह्याद्रीच्या कडेवरून येते, तिथे पाऊस बरा, पण खाली धुळ्याकडे उतरलं की पर्जन्यछाया, पाऊस कमी. मग जुन्या लोकांनी, ३००-४०० वर्षांपूर्वीपासून, नदीवर दगडी बंधारे घातले आणि पाट काढून पाणी निव्वळ उताराने शेतात नेलं. बंधाऱ्याखालची जमीन तीन किंवा चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, गहू तर गहू, आणि दरवर्षी पिकं फडांत फिरवायची. यात खरी अक्कल पुढे आहे. पाणी कमी असलं तर सगळ्यांना थोडं थोडं देऊन सगळ्यांचंच वाळवत नाहीत, एखादा फड त्या वर्षी कोरडाच ठेवतात. शेतकऱ्याच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत असल्या की झळ सगळ्यांना लागते, एकच माणूस बुडत नाही. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर आणि पाटावर नजर ठेवायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि निर्णय पंचांचा.

हे सगळं मी उचलून मावळथडीत ठेवलं, फक्त पाण्याच्या जागी ओल. पहिल्या पुराबरोबर नदीतून ओल येते, तीच जादू. ती बंधाऱ्याला अडवतात आणि चार फडांत सोडतात : ऊब, औषध, वाचा आणि वाट. ऊब म्हणजे विस्तव आणि प्रकाश, औषध म्हणजे जखमा भरणं, वाचा म्हणजे गुराढोरांशी, झाडांशी बोलणं, आणि वाट म्हणजे दोन पावलांत दोन कोस जाणं. प्रत्येक घराचा चारही फडांत वाटा. आणि ओल कमी आली की पंच एक फड कोरडा ठेवतात. म्हणजे अख्ख्या जगात त्या वर्षी ती जादू कोणालाच येत नाही, राजाला पण नाही, तसाही तिथे राजा नाहीच.

हे सुचलं त्या रात्री मला झोपच आली नाही, कारण गोष्ट आपोआप समोर आली. दुष्काळाचं वर्ष, ओल दोनच फडांना पुरेल इतकी, ऊब बंद करता येत नाही कारण गावाची रात्रीची राखण त्या प्रकाशावर चालते, मग उरलेल्या एकाच जागेसाठी औषध चालू ठेवायचं का वाट? औषध बंद केलं तर बाळंतपणात बाया मरणार, वाट बंद केली तर लांबच्या पाड्यांवर धान्य पोचणार नाही. वाचा बंद करायला सगळे लगेच तयार होतात, कारण गुरांचं मत कोणी विचारत नाही. ही पंचांची बैठकच कादंबरीतलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे, त्यात एकही तलवार नाही आणि वाचणाऱ्यांनी तेच सगळ्यात आधी संपवलं.

आता एक्सेल. चारी फडांची ओल, कोणत्या महिन्यात किती खर्च, कोणी उसनी घेतली, कोणी पाट फोडून चोरली, सगळं मी शीटमधे टाकलं. हसू नका. एखाद्या पात्राने तिसऱ्या प्रकरणात ऊब वापरून घर पेटवलं तर नवव्या प्रकरणात त्याच्या घरी चूल पेटायला नको, हे डोक्यात राहत नाही, शीटमधे राहतं. डेबिट-क्रेडिट जुळलं नाही तर जादू फुकटची वाटते आणि फुकटच्या जादूला वाचणारा घाबरत नाही.

माणसं मात्र शीटमधे होत नाहीत. ती बरीचशी इथलीच आहेत, रूप बदललेली. पाटकरी पाण्यात अनवाणी उभा राहिला की त्याला दहा कोसावरचा बंधारा ऐकू येतो, पण कोरड्या जमिनीवर तो ठार बहिरा. जागले झोपतच नाहीत, त्यांच्या वाटणीची झोप दुसरं कोणीतरी झोपतं, कोण ते त्यांना कधी कळत नाही. डोहकऱ्या सात बहिणी आहेत, त्या कुठून आल्या हे पाण्यातल्या साती आसरांना नारळ-खण वाहिलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. वावटळे चैत्र-वैशाखातच दिसतात, लहान पोरांना तेच आवडतात, माझा भाचा दुसरं काही ऐकूनच घेत नाही. आणि कोरेवाचे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, ते चांगदेव आमच्याकडचेच धरतात, तापी-पूर्णेच्या संगमावर मुक्ताईनगर तालुक्यात त्यांचं देऊळ आहे. तर माझे कोरेवाचे कोरा कागद वाचतात, लिहिलेला कागद त्यांना दिसतच नाही. पंचांच्या दफ्तरात त्यांना काम मिळत नाही, पण खोटं पकडायला तेच लागतात, कारण माणूस लिहिताना काय वगळतो ते त्यांना वाचता येतं.

सगळ्यात जीव लागला तो तेलमाग्यांवर. अस्तंब्याचा डोंगर, १३२५ मीटर, नंदुरबार जिल्ह्यातला. दिवाळीत तिथे यात्रा असते, रात्री मशाली-बॅटऱ्या घेऊन लोक चढतात. अश्वत्थामा तिथे अजून फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो असं लहानपणापासून ऐकलेलं. मी विचार केला, असा एकटा माणूस न घेता अख्खी जमातच घेतली तर? तेलमागे मरत नाहीत, त्यांची जखम भरत नाही, फडात त्यांचा वाटा नाही. तेल दिलं की रस्ता दाखवतात, पैसे घेत नाहीत. चांगल्या वर्षी लोक त्यांना दारावरून हाकलतात. पण ज्या वर्षी वाटेचा फड कोरडा पडतो त्या वर्षी डोंगर ओलांडायला त्यांच्याशिवाय कोणीच नाही, आणि मग करडईचं तेल, तिळाचं तेल, सगळं महाग होतं, साठेबाजी होते, कोणीतरी भेसळ पण करतं. भेसळीचं तेल जखमेवर लावल्यावर तेलमाग्यांचं काय होतं ते सांगत नाही, तिथेच दुसरा भाग सुरू होतो.

इथे एक थांबा घ्यावा लागला. अस्तंबा हे भिल्ल-पावरा लोकांचं श्रद्धास्थान आहे, मी धुळ्यात बसून त्याची गोष्ट करणार आणि देव पण माझाच म्हणून सांगणार, हे बरं दिसत नाही. ऑफिसात धडगावकडचा एक सहकारी आहे, त्याला ती प्रकरणं दिली. तो म्हणाला, ताई, तेल मागणं घ्या, पण चढायची रीत, तिथले विधी घेऊ नका, ते आमचं राहू द्या. मी ती पानं काढली. गोष्टीचं काही नुकसान झालं नाही, उलट तेलमागे जास्त माझे झाले.

आणि चेटकीण. जादूचं जग म्हटलं की सगळ्यांना वाईट म्हातारी हवी असते, माझ्या मामेभावाने तर फोन करून मागितली. मी ठेवली नाही. सातपुड्याच्या गावांत बाईला डाकीण ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हे गोष्टीतलं नाही, खरं आहे. त्यासाठी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी बातम्या येत राहतात. जिथे शेजारच्या तालुक्यात एखाद्या विधवेवर हा आळ येऊ शकतो तिथे मी गंमत म्हणून तसलं पात्र लिहू शकत नाही, दुसऱ्या कोणी लिहिलं तर त्याचं तो बघेल. माझ्याकडे उलटं आहे, औषधाचा फड कोरडा पडला की लोक एका म्हातारीवर ओल चोरल्याचा आळ घेतात, आणि तिच्या बाजूने उभा राहतो तो फक्त कोरेवाचा. त्याने आरोपाचा कागद हातात घेतला आणि म्हणाला, यात सगळं आहे, फक्त हिची जमीन कोणाला मिळणार ते नाही.

भाषेचं पटकन सांगते. पंचांची बैठक अहिराणीत आहे. आपल्याकडे अहिराणी बोलणारं पात्र आलं की ते विनोदीच असणार असं धरलेलं असतं, मला ते नको होतं. म्हणून माझ्याकडे सगळ्यात गंभीर, सगळ्यात जडशीळ बोलणं अहिराणीत होतं आणि व्यापारी, भेसळवाले शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात. शुद्धवाल्या एका मैत्रिणीला हे लागलं. लागू दे.

टायपिंग मोबाईलवर, गूगल डॉक्समधे, बरंचसं बोलून. बोलून टाइप करताना अहिराणीचं फोनने जे काही केलं त्यावर वेगळं लिहावं लागेल, "शे" (म्हणजे "आहे") म्हटलं की ते शंभराचा आकडा टाकायचं. शेवटी बैठकीचं प्रकरण वहीत लिहिलं आणि मग हाताने टाइप केलं. पहिला खर्डा झाला तेव्हा तो इतका जाड होता की प्रिंट काढायला झेरॉक्सवाल्याने ॲडव्हान्स मागितला. त्यातला बराच मी कापला, मुख्यतः जगाची माहिती. जग बनवलं की ते सगळं दाखवायचा मोह होतो, पण वाचणाऱ्याला नदी सूर्यात जाते एवढं पुरतं, नदीच्या उपनद्या नको असतात. उपनद्या शीटमधे आहेत, मला माहितीयेत, बास.

वाचायला दिली ती आधी मामेभावाला, त्याला लढाया हव्या होत्या. मग मैत्रिणीला. आणि शेवटी आजोळी आबांना, म्हणजे वाचायला नाही, मी वाचून दाखवली. आबांनी स्वतः फडावर पाण्याच्या पाळ्या बघितल्यात. त्यांना वावटळे, डोहकऱ्या कशाचंच काही वाटलं नाही, जणू रोज भेटतात. पंचांच्या बैठकीला मात्र सरळ होऊन बसले, मधेच दोन ठिकाणी "असा नही व्हस" म्हणून थांबवलं आणि पाळीचा क्रम दुरुस्त करून दिला. तो मी तसाच घेतलाय. सगळं ऐकून झाल्यावर म्हणे, "तुना पुस्तकमा पाट शे, पानी शे, पंच शेत. पन जागल्या काय खास?" म्हणजे, जागल्या खातो काय?

मी म्हटलं, आबा, ते जादूचे लोक आहेत, झोपत नाहीत.

"झोपत नही ते ठीक. खास काय? त्याले धान्य कोन देस?"

खरंच की. फडावर राबणाऱ्या माणसांना पीक निघालं की धान्याचा वाटा मिळायचा. माझ्या शीटमधे ओलीचा शेवटचा थेंब मांडलेला आहे आणि रात्रभर तिची राखण करणाऱ्याच्या नावापुढे काहीच नाही. आता दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा पीकच नाही, तेव्हा जागल्यांनी राखण का करावी? आणि नाही केली तर पाट कोण फोडेल? हे प्रकरण नव्याने लिहायला घेतलंय, मधे दोन तारखा आहेत रिटर्नच्या, त्या झाल्या की बसते. मामेभावाला कळवलंय की तुझी लढाई बहुतेक इथे होणार, पगारावरून.