सतरा केबी

आमच्या घरी लॅपटॉप सुरू व्हायला किती वेळ लागतो हे कुणी मिनिटांत सांगत नसे. शिट्ट्यांत सांगत. सकाळी बटण दाबायचं आणि वळून कुकर लावायचा. पहिल्या शिट्टीच्या आसपास ते गोल फिरणारे ठिपके यायचे, दुसरीला पासवर्ड मागायचा, तिसरी झाली की डेस्कटॉप दिसायचा. दिसायचा फक्त, लगेच हात लावायचा नाही. वाफ जिरेपर्यंत कुकर उघडत नाहीत, तसंच ते.

मी घरी बसून भाषांतरं करते. ठिबक सिंचनाची माहितीपत्रकं, औषधाच्या खोक्यात दहा घड्या घालून कोंबलेले कागद, बँकेची 'प्रिय ग्राहक' छापाची पत्रं, आणि अधूनमधून नात्यातल्या लग्नपत्रिका. या शेवटच्या कामाचे पैसे मिळत नाहीत. पण सगळ्यात जास्त डोळ्यांखालून जातो तो त्यातलाच मजकूर. पत्रिका घरात आली की आधी चूक शोधायची आणि मग मुहूर्त बघायचा, ही आम्हा पुणेकरांची रीत.

लॅपटॉप २०१८च्या दिवाळीत घेतलेला. तेव्हा दुकानदार "एक टीबीची हार्ड डिस्क आहे मॅडम, आयुष्यभर भरणार नाही" असं अभिमानानं सांगत. भरली नाहीच ती, त्यांचं खरं होतं. फक्त त्या एक टीबीपर्यंत पोचायला आयुष्य लागेल हे बोलायचं राहिलं.

सात वर्षं मी चालवून घेतलं. नवरा म्हणे नवीन घे. मी म्हणे, चालतोय ना. मग २०२५च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपला, रोज सकाळी तिसऱ्या शिट्टीला पडद्यावर तशी सूचना यायला लागली, आणि त्याच आठवड्यात दिवाळीसाठी भाचा बंगळुरूहून आला. चकलीचा घाणा तळून होईपर्यंत त्यानं लॅपटॉपवर तीन बटणं एकदम दाबून कसलासा तक्ता उघडला होता.

"मावशी, हे बघ. डिस्क शंभर टक्के."

"भरली?"

"भरली नाही गं. राबतेय. तू काही उघडलेलं नाहीस, तरी ही घामाघूम झालीय. प्रोसेसर ठणठणीत आहे तुझा, तो नुसता वाट बघत बसलाय."

घरातलं हे चित्र मला अनोळखी नव्हतं.

त्यानं समजावलं ते असं. आत एक चकती असते, ती मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते. छताचा पंखा पाचवर ठेवला तरी साडेतीनशे-चारशेच्या घरात असतो, म्हणजे हा वेग काही कमी म्हणता येणार नाही. चकतीवर एक सुई, तीही टेकलेली नाही, काही नॅनोमीटर वर तरंगणारी. आता एखादी फाइल हवी तर सुई बरोबर त्या कड्यावर न्यायची आणि हवा तो तुकडा फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबायचं. सगळं मिळून पंधरा-सतरा मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण विंडोज उठताना अशा हजारो बारीकसारीक गोष्टी मागते, आणि प्रत्येकीसाठी ही वेगळी खेप. सेकंदाला साठ-सत्तर खेपा झाल्या की चकतीचं बळ संपलं. माळ्यावर चढून एक वेलदोडा आणायचा, खाली यायचं, मग परत चढून एक लवंग आणायची. हे उदाहरण माझं. त्याला वेलदोडा माळ्यावर का ठेवलाय असा प्रश्न पडला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवी डिस्क घ्यायला तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात. दिवाळीची गर्दी, सगळीकडे लुकलुकणाऱ्या माळा, आणि त्या माळांच्या मागे सव्वा फूट रुंद दुकानात बसलेला एक मुलगा. त्यानं मान वर न करता विचारलं, "काकू, एनव्हीएमई का साटा?"

मला साटा माहीत आहे तो एकच. तूप आणि तांदळाची पिठी फेसून चिरोट्यांना लावतात तो. परवाच परातभर फेसला होता. "साटा," मी म्हटलं, तितक्याच सहज, आणि योगायोगानं बरोबर निघालं. डिस्क जोडायच्या या दोन पद्धती, आणि आमच्या लॅपटॉपला साटाच लागणार होता. साडेतीन हजारांत अर्ध्या टीबीची एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी बसवायची नवी डिस्क, आणि जुन्या चकतीसाठी एक केसिंग, म्हणजे तिला यूएसबीनं जोडायची डबी. एसएसडी हातात घेतली तर आत काही आहे की नुसतं खोकं विकलं, अशी शंका यावी इतकी हलकी. हलवून पाहिली. वाजली नाही.

"वाजायला आत काही फिरतच नाही," भाचा म्हणाला. पेन ड्राइव्हमध्ये असते त्याच जातीची ही मेमरी, फ्लॅश. १९८०च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ती शोधली, आणि तिथल्याच शोजी अरिइझुमी नावाच्या सहकाऱ्यानं तिला फ्लॅश हे नाव सुचवलं. कारण तिच्यावरचं पुसलं जातं ते कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं, एका झटक्यात. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. या मेमरीवर लिहिलेलं एक अक्षर तिथल्या तिथे खोडून दुसरं लिहिता येत नाही. अख्खा ठोकळा पुसायचा आणि मग नव्यानं लिहायचा. शाळेतली पाटी तरी बरी, थुंकी लावून एकच काना पुसता यायचा.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. आधी तळाचे स्क्रू. ते लांबी-आखूडीप्रमाणे वेगळे ठेवायला हवेत म्हणून मी इडलीपात्राची एक थाळी दिली. वरच्या खळग्यात लांब, खालच्यात आखूड. अकरा निघाले, तरी झाकण हलेना. भाच्यानं नखानं मागचा रबरी पाय उचकटला, त्याखाली बारावा. मग मुदत संपलेलं एक एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेनं फिरवलं. प्रत्येक खुंटी सुटताना टक्क असा आवाज, आणि प्रत्येक टक्कला मी "मोडलं का?" असं विचारत होते. आत पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर, चांगला घोंगडीसारखा घट्ट बसलेला, त्यात एक केस. लांब आणि काळा. म्हणजे निदान पाच वर्षांपूर्वीचा माझा.

बॅटरीची वायर आधी सोडवली, चकती काढली, तिच्या जागी नवी सरकवली. हे सगळं मिळून चहा गाळण्याइतकं काम. चकतीला मी हातात काही वेळ धरून बसले. सात वर्षं पोटात घरघरत होती, आता गप्प.

"मावशी, नवं विंडोज कोरं टाकायचं. जुनं उचलून इकडे आणलं तर जुना कचराही येईल."

"आणि माझ्या फायली?"

"त्या जुन्या चकतीवर जशाच्या तशा. तिला फॉरमॅट मारायचा नाही, कपाटात ठेवायची. हव्या तेव्हा केसिंगमधून काढ."

आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज ११ घेतलेलं होतंच. वीस मिनिटांत सगळं आटपलं. परवान्याचा नंबर विचारेल म्हणून मी खोक्यासकट बिल काढून ठेवलं होतं, पण विचारलंच नाही. नोंद मदरबोर्डाशी बांधलेली असते, डिस्क बदलली तरी चालतं. बंद करून पुन्हा बटण दाबलं, सवयीनं ओट्याकडे वळले, कुकरचं झाकण लावेपर्यंत मागून "मावशी, पासवर्ड" अशी हाक. बारा सेकंद. शिटी सोडा, कुकरला अजून गॅससुद्धा लागला नव्हता.

मग मी कामाला बसले आणि घरात परकं माणूस आल्यासारखं झालं.

जुन्या फायलींतला कोकिळा हा टंक, म्हणजे फॉन्ट, कुठे दिसेना. तो आता आपोआप येत नाही, देवनागरीचे जादा टंक म्हणून वेगळा मागवून घ्यावा लागतो. मागवला. मराठीचा कळफलक जोडला, इनस्क्रिप्ट, बोटांना दुसरा येत नाही. वर्ड टाकलं, मराठीचा शुद्धलेखन तपासनीस टाकला, उसावरचं अर्धवट राहिलेलं पत्रक उघडलं आणि पान लालभडक. पाचट लाल. कोळपणी लाल. खोडकिडा लाल, तो तसा असायलाच हवा म्हणा. सासवड लाल. खाली सहीच्या जागी माझं आडनाव, तेही लाल.

जुन्या लॅपटॉपवर यातलं काहीच लाल नव्हतं. कारण सात वर्षं मी त्याला एकेक शब्द शिकवत आले होते. लाल रेघ आली की उजवं बटण, 'अ‍ॅड टू डिक्शनरी', पुढे. आणि आपण काही शिकवतोय हे कधी डोक्यातच आलं नाही. दारावर येणाऱ्या भाजीवाल्याला 'आमच्याकडे पडवळ नको' हे एकदा सांगून ठेवावं, तेवढंच ते.

"ते शब्द कुठेतरी असतील ना?" मी विचारलं.

चकती केसिंगमध्ये घालून जोडली. ओळखीची घरघर सुरू झाली, मला जरा बरंच वाटलं. यूझर्स, त्यात माझं नाव, त्यात लपवून ठेवलेलं अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, आणि तळाशी यूप्रूफ नावाचा एक फोल्डर. तिथे ती फाइल, कस्टम डॉट डिक. सहाशे जीबीच्या पसाऱ्यात सतरा केबी. साध्या नोटपॅडमध्ये उघडली. एका ओळीत एक शब्द, असे साधारण अकराशे.

कुकर थंड झाला, भात तसाच राहिला, आणि मी वाचत बसले.

विलगीकरण, प्राणवायू, संपर्कशोध: २०२०चा उन्हाळा, रोज एक पत्रक, आणि पैसे डिसेंबरात. वखरणी, आळवणी, फर्टिगेशन: ठिबकवाले. जिह्वेखाली, रिकाम्यापोटी: औषधवाले. मधेच बोकोबा, तो आमचा मांजर, सोसायटीला लिहिलेल्या तक्रारीच्या उत्तरात त्याचं नाव आलं होतं. मधेच निगुतीनं, हा सासूबाईंचा शब्द. तो मी कुठल्या बँकेच्या पत्रात घातला असेन आणि तिथल्या साहेबांनी कसा चालू दिला? 'हुंदडणूक' हा शब्द तर माझा मलाच आठवेना. कुणी हुंदडलं होतं?

आणि मग पहिली ठेच. परिक्षा.

मी शुद्धलेखनावर पोट भरते. परीक्षेतली री दीर्घ हे मला झोपेत विचारा. पण यादीत परिक्षा होती, हार्दीक होतं, दिपावली होती. सगळे मी स्वतः शिकवलेले.

"मी कसं शिकवीन हे?"

भाचा हसायला लागला. "उजवं बटण दाबल्यावर यादी किती वेळानं यायची?"

कधी यायचीच नाही. मग मी पुन्हा दाबायची, पुन्हा, आणि शेवटी एकदम उगवायची. बोट पडलेलं असायचं दुरुस्त शब्दावर आणि क्लिक लागायची एक ओळ खाली, 'अ‍ॅड टू डिक्शनरी'वर. लाल रेघ जायची. रेघ गेली म्हणजे दुरुस्त झालं असं समजून मी पुढे. म्हणजे चकती खेपा घालत बसली होती तेवढ्यात माझी चूक शब्दकोशात जाऊन बसली, आणि पुढे सात वर्षं त्या चुकीला कुणी हटकलं नाही.

मी लाल पेन घेतल्यासारखी यादी तपासायला बसले. सदतीस शब्द काढले. शेवटून कुठेतरी शुभाशिर्वाद होता, तोही उडवला. उरलेली यादी नव्या वर्डला दिली. सासवड शांत झालं, पाचट शांत झालं, माझं आडनाव परत माझं झालं.

मग मला शुभाशिर्वाद आठवला.

भाचीची पत्रिका, मे २०२३. छापखान्यात मुलगा थांबलेला, लॅपटॉप अडकलेला, मी बटणावर बटण मारतेय. जुन्या चकतीवरून ती फाइल शोधून काढली, उघडली. गणपती, दोन्ही घरची नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आणि तळाला ठसठशीत अक्षरांत 'आपले शुभाशिर्वाद हाच आमचा आहेर'. खाली लाल रेघ, अडीच वर्षं उशिरा आलेली.

"किती छापल्या होत्या?" भाच्यानं विचारलं.

"सहाशे."

"मावशी, ताईनं ती फ्रेम करून हॉलमध्ये लावलीय."

मी शब्दावर उजवं बटण दाबलं. यादी तत्काळ आली. सगळ्यात वर 'शुभाशीर्वाद', शी दीर्घ, व्यवस्थित. मी बोट शांतपणे खाली नेलं आणि 'अ‍ॅड टू डिक्शनरी' दाबलं.