तुम्ही विचारलेत म्हणून: त्या घरात मोठे कोण?

गोवंडीच्या रात्रशाळेत शिकवते असे सांगितले की अनेकजण विचारतात, “आईवडील नसलेल्या घरात या मुली राहतात तरी कशा? त्यांना बालगृहात का पाठवत नाहीत?” तुम्हीही विचारलेत, म्हणून लिहिते.

घरात मोठे माणूस आहे असे भासवून त्या राहतात. माझ्या वर्गातल्या १६ वर्षांच्या एका मुलीचे वडील घर सोडून गेले आणि पुढे आई क्षयाने गेली. तेव्हापासून ११ वर्षांचा भाऊ आणि ८ वर्षांची बहीण तिच्याच पदरी आहेत. दारात वडिलांच्या चपला अजून आहेत, आणि ती त्या रोज झटकून थोड्या सरकवून ठेवते, कारण एका जागी पडून राहिलेल्या चपलांवर धूळ बसते आणि ती शेजाऱ्यांच्या नजरेला येते. भावाच्या शाळेने पालकांची सही मागितली की आईच्या नावापुढे ती स्वतःचा अंगठा उठवते. आई निरक्षर होती, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. सार्वजनिक शौचालय गल्लीच्या टोकाला असल्याने रात्री आठनंतर दोघी बहिणी पाणी पीत नाहीत. पहाटे नळाचे पाणी भरायचे आणि दिवसभर नकली दागिन्यांचे मणी ओवायचे, त्याची मजुरी डझनावर मिळते. “बाकी सगळे जमते, बाई,” ती एकदा म्हणाली, “मला ताप आला की कोणाला उठवायचे, तेवढे कळत नाही.”

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलांनी कुठे राहायचे हा प्रश्न बाल कल्याण समितीपुढे जातो, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी तर १९९६ साली याच मुंबईत सुरू झाली. हे तिला ठाऊक आहे. पण मुलांची आणि मुलींची बालगृहे वेगळी असतात, आणि भाऊ दुरावेल या एकाच भीतीने ती तोंड उघडत नव्हती. ही भीती मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

कागदपत्रांचा अनुभव तर मला आजही अस्वस्थ करतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून १८ वर्षांवरील स्त्री लागते आणि तशी कोणी नसेल तर घरातला सर्वांत मोठा पुरुष. म्हणजे शब्दशः पाहिले तर हे घर चालवणाऱ्या मुलीऐवजी तिचा पाचवीतला भाऊ प्रमुख ठरतो. बालसंगोपन योजनेत राज्य सरकार प्रत्येक मुलामागे दरमहा २२५० रुपये देते, मात्र त्यासाठी मुलांना सांभाळणारे नातेवाईक किंवा दुसरे कुटुंब असावे लागते, आणि नेमके तेच या घरात नाही.

तिघांना एकत्र ठेवण्याची विनंती मी स्वतः करीन, असा शब्द दिल्यावर ती माझ्याबरोबर समितीपुढे आली. कल्याणची मावशी पालक म्हणून नाव द्यायला तयार आहे, तिच्या यजमानांचा होकार मात्र अजून आलेला नाही. मुलीला १८ पूर्ण व्हायला २० महिने आहेत.