नकाशात आमची गल्ली कोरडी कशी?

गल्लीत गुडघाभर पाणी होतं, तरी उपग्रहाच्या पूरनकाशात ती कोरडी कशी? नवी मुंबईतल्या वाशीपासून ठाण्यातल्या नौपाड्यापर्यंत हाच प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि हे ‘यंत्राची चूक’ म्हणून सोडून देऊ नका.

पावसाळ्यात ढगांमुळे साधी छायाचित्रं कामाची नसतात, म्हणून सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं, ढगांपार पाहणारं रडार वापरतात. त्याची ५.६ सेंटिमीटरची लहर शांत पाण्यावरून आरशासारखी पलीकडे उडते, उपग्रहाकडे परतत नाही. म्हणून पाणी काळं दिसतं. मोकळ्या शेतात हे चोख चालतं. गल्लीत तीच लहर समोरच्या भिंतीवर आपटून उपग्रहाकडे परतते, म्हणजे पाणी उलट उजळ दिसतं. खारफुटीतही खोडांमुळे तेच. ‘काळं ते पाणी’ एवढाच निकष लावला, की गल्ली सुटते आणि पारसिकच्या डोंगराची रडार-सावली, म्हणजे डोंगराआड लहर न पोचल्यानं काळा दिसणारा भाग, पूर ठरते.

२७ जुलै २०१९ आठवा. रात्रीत उल्हास नदी चढली, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा पुराचा माथा, म्हणजे पाण्याची सर्वांत उंच पातळी, काही तासांचीच. हा उपग्रह आपल्यावरून सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो आणि एकच उपग्रह त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो. माथा दोन फेऱ्यांच्या मधे आला तर चित्रात उरतं ते खोलगट शेतात साचलेलं पाणी. रूळ बुडाले होते, हे त्यात येत नाही. असा नकाशा दाखवून ‘इथं पूर येतच नाही’ असं कुणी म्हणतं, तेव्हा संताप होतो. कोरडं दिसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे.

पूर ओळखायला पुराचं चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहतात. हे तुलनेचं चित्र मे महिन्याचं घेतलं, तर लावणीसाठी भरलेली सगळी भातखाचरं पूर म्हणून रंगतात. त्याच मार्गावरची, त्याच हंगामातली आधीची चार-पाच चित्रं घ्या. खाडीकाठी भरतीची वेळही जुळवा, नाहीतर ओहोटीत उघडा पडलेला चिखल भरतीत बुडला की तोही पूर ठरतो. मग कायमचं पाणी आणि तीव्र उतार वगळा.

नवी मुंबईचा पेच निराळा. भरतीत खाडीकडच्या झडपा बंद होतात, तेव्हा पावसाचं पाणी त्यासाठीच राखलेल्या धारण तलावात साठायला हवं. तलाव गाळानं भरला असेल तर पाणी सेक्टरमध्ये राहतं. पाणी कुठं साचेल हे पाहायला उंची-नकाशा घ्याल, तर ३० मीटरच्या चौकोनांच्या नकाशात छपरं आणि झाडांचे शेंडेही जमिनीत धरलेले असतात. अर्ध्या मीटरचा फरक त्यात शोधू नका.

पूर्वी मी म्हणायचे, शहरासाठी उपग्रह नकोच. उल्हासच्या खोऱ्यातली मोकळी शेतं पाहिली की तसं म्हणवत नाही. ठाण्यात वंदना टॉकीजच्या दाट वस्तीच्या परिसरात पाणी भरलं की पुन्हा तेच वाटतं. म्हणून भिंतीवरची पाण्याची खूण पुसण्याआधी जमिनीपासून तिची उंची मोजा, पाणी किती वाजता चढलं ते लिहा आणि ठिकाणासह फोटो ठेवा. नकाशा तपासायला दुसरं फारसं काही हाताशी नसतं.