सँ-सिर्क-लापोपी आणि पेश मेर्लची गुहा: तूलूझहून एक वीकेंड

पॅरिस कधी दाखवणार असं घरून सगळे विचारत असतात, पण तूलूझमध्ये राहणाऱ्या माणसाला पॅरिस लांब आणि महाग पडतं, त्यापेक्षा उत्तरेला दीड-दोन तासांवर लोत नदीचं खोरं आहे तिकडे जायला बरं. क्लासमधल्या एका मुलीकडे जुनी गाडी आहे, चौघांनी पेट्रोल आणि टोलचे पैसे वाटून घेतले की झालं. बसने पण जाता येतं म्हणतात, काओरपर्यंत ट्रेन आणि मग बस, पण वीकेंडला बसच्या वेळा बघितल्या आणि तो नाद सोडून दिला.

सँ-सिर्क-लापोपी हे गाव नदीपासून साधारण 100 मीटर उंच कड्यावर चिकटलेलं आहे. खालून रस्त्यावरून बघितलं तर खरंच वाटत नाही की वर कोणी राहत असेल. दगडी भिंती, लाकडी चौकटींची घरं, एकदम उतरती तपकिरी कौलं, आणि गल्ल्या इतक्या अरुंद नि चढाच्या की पोटऱ्या बोलायला लागतात. 2012 मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात फ्रेंच लोकांनी याला देशातलं सगळ्यात आवडतं गाव म्हणून निवडलं, तेव्हापासून उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा सीझन संपत आलेला, त्यामुळे बरं होतं. अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रतोंने 1951 मध्ये इथे घर घेतलं आणि 1966 मध्ये जाईपर्यंत उन्हाळे इथेच काढले. त्याचं घर बाहेरून बघितलं, वरच्या पडक्या किल्ल्याच्या टोकावर जाऊन नदीचं वळण बघितलं, सगळ्यांनी एकाच जागी उभं राहून तेच ते फोटो काढले.

पण खरं सांगू का, गाव सुंदर आहे तरी जरा शोकेससारखं वाटलं. वर्षभर राहणारी माणसं जेमतेम दोनशेच्या आसपास, बाकी पॉटरीची दुकानं, केशर घातलेले जॅम, आइस्क्रीम. मला तिथे सगळ्यात इंटरेस्टिंग वाटले ते लाकूड कातणारे कारागीर. एके काळी इथे घरोघरी खराद चालायचे, आणि बनायचं काय तर वाइनच्या पिंपांना लावायच्या लाकडी तोट्या! गावातल्या जुन्या घरांना खाली रुंद कमानी दिसतात, ती यांचीच वर्कशॉप्स. काओरची काळपट वाइन सपाट होड्यांमधून लोत नदीने थेट बोर्दोला जायची, म्हणून पिंपं, म्हणून तोट्या.

या होड्या उलट्या दिशेने काठावरून ओढून आणायला लागायच्या. बुझिए गावाजवळ तर कडा सरळ नदीत उतरतो, काठच नाही, मग 1840 च्या दशकात लोकांनी कड्यातच खोदून वाट काढली. त्या वाटेवरून आम्ही चाललो. एका हाताला पाणी, डोक्यावर खडकाचं छत, उंच माणसाला मध्ये मध्ये वाकावं लागतं. नंतर रेल्वे आली आणि होड्यांचा धंदा बसला. फुकट आहे, गर्दी नाही, आणि गावापेक्षा मला हेच जास्त आवडलं.

जेवणाचं काय, तर इथे मेनूवर सगळीकडे बदक. मी व्हेज, त्यामुळे रोकामादूर नावाचं बकरीच्या दुधाचं चपटं छोटं चीज, टोस्टवर गरम करून वरून मध, सोबत अक्रोड घातलेलं सॅलड. दोन्ही वेळेला तेच खाल्लं, तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी कब्रेरे गावाजवळची पेश मेर्लची गुहा, आत भिंतींवर आदिमानवाने काढलेली चित्रं आहेत. बुकिंग आधीच करून ठेवा, कारण दिवसाला 700 च माणसं आत सोडतात, आणि तीही गाइडबरोबर छोट्या ग्रुपमध्ये. फोटो काढायला बंदी. आधी मला हे जाचक वाटलं, आत गेल्यावर पटलं. लास्को ही फ्रान्समधलीच अशी चित्रांची प्रसिद्ध गुहा, पण तिथली खरी गुहा माणसांच्या श्वासाने खराब व्हायला लागली म्हणून 1963 मध्येच बंद केली, तिथे आता प्रतिकृती बघायची. पेश मेर्लमध्ये मात्र तुम्ही अस्सल भिंतीसमोर उभे असता.

1922 मध्ये आंद्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र या दोन शाळकरी पोरांनी सरपटत जाऊन ही चित्रं शोधली. गावातल्या पाद्रीबाबांना, लमोझींना, गुहांचा नाद होता, त्यांच्यामुळे पोरांनाही लागला.

आत स्वेटर लागतोच. मॅमथ, गवे वगैरे बघत पुढे जाता आणि मग ते दोन ठिपक्यांचे घोडे येतात. साधारण 29,000 वर्षांपूर्वीचे. उजव्या घोड्याचं तोंड आहे तिथे खडकाचाच आकार घोड्याच्या डोक्यासारखा आहे, म्हणजे चित्रकाराला आधी खडकात घोडा दिसला असणार. आजूबाजूला हातांचे ठसे, भिंतीवर हात ठेवून भोवती रंग उडवलेला. मिशेल लोरब्लांशे नावाच्या संशोधकाने कोळसा तोंडात घेऊन, थुंकून थुंकून असंच चित्र दुसऱ्या गुहेत काढून बघितलं, 32 तास लागले त्याला. आणि ते ठिपके कल्पनेतले असावेत असं बऱ्याच जणांना वाटायचं, पण 2011 मध्ये जुन्या हाडांचा डीएनए तपासला तर तेव्हा असे ठिपकेवाले घोडे खरंच होते असं निघालं. म्हणजे गडी समोर दिसलं तेच काढत होता!

पुढे एका ठिकाणी चिखलात पावलांचे ठसे आहेत, त्या काळच्या एका पोराचे. टाचेचा खड्डा, बोटं, सगळं दिसतं. आमच्या ग्रुपमधली दोन लहान मुलं तोपर्यंत कधी संपणार म्हणून कुरकुरत होती, ती एकदम रेलिंगला चिकटून माझा पाय मोठा की त्याचा यावर भांडायला लागली.

गाइड फक्त फ्रेंच बोलत होती आणि भराभर, माझं अर्धं डोक्यावरून गेलं, मैत्रिणीने नंतर गाडीत समजावून सांगितलं. तुमच्यापैकी कोणी येणार असाल तर गाव सकाळी लवकर उरका आणि वेळ गुहेला नि नदीकाठच्या वाटेला ठेवा. आता पुढचा प्लॅन पादिराकचा आहे, 75 मीटर खोल विवर, खाली नदी आणि तिच्यात होडीतून फिरवतात. आईला अजून सांगितलं नाहीये.